किलकिल्या डोळ्यांचा वर्ग

टेबलाच्या खणात, चष्म्याच्या जुन्या घराखाली, मुलीचं पत्र पडून होतं आणि त्याला उत्तर गेलेलं नव्हतं. मुद्रितशोधकाने सारी नोकरी दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढण्यात घालवली होती. त्यामुळे स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की पेन टेकवण्याआधीच त्याला समासात खुणा दिसू लागायच्या. पण या वेळची अडचण शुद्धलेखनाची नव्हती. मुलीने प्रश्नच असा विचारला होता.

‘फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता म्हणून लिहितेय. ध्यानाच्या वर्गात नाव घातलंय तुमचं, जाता ना? आणि खरं सांगा बाबा, डोळे मिटून बसता येतं का? आई गेल्यापासून तुम्ही दिवा चालू ठेवून झोपता, हे मला मावशीकडून कळलंय.’

येतं म्हणावं तर ते धडधडीत खोटं. येत नाही म्हणावं तर मुलगी पुढच्याच गाडीने येणार, बापाचे कपडे आणि पुस्तकं खोक्यांत भरणार आणि त्याला आपल्या घरी नेऊन नातवाच्या खोलीत ठेवणार. मुलगी गुणाची होती, जावईही भला होता, पण मुद्रितशोधकाला आपली खुर्ची, आपली खिडकी आणि आपला दिवा सोडवत नव्हता. म्हणून त्याने तिसराच मार्ग धरला. गप्प बसला.

त्या सकाळी मात्र त्याने मन घट्ट करून पत्र बाहेर काढलं, कागद पुढे ओढला आणि ‘चि.’ एवढं लिहिलं. तेवढ्यात बेल वाजली आणि साडू आत आला.

“मी येतोय हे तुम्ही पावलांवरूनच ओळखलं असेल,” साडू म्हणाला.

“नाही. बेल वाजवलीत ना तुम्ही.”

“तेच म्हणतो मी. सामान्य माणसाला बेल लागते.” साडूने खुर्ची पुढे ओढली. “साडूभाऊ, माझ्यासारखी नजर शतकात एखाद्याला मिळते. या शतकाचा तो वाटा माझ्याकडे आला, त्याला मी काय करू? मी खोलीत नुसता उभा राहिलो तरी गुन्हेगाराला घाम फुटतो. निरपराध माणसालाही फुटतो, पण तो वेगळा. तो ओळखता येतो मला.”

साडू वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक होता. नोकरीत त्याने दुकानदारांचे काटे तपासले. निवृत्तीनंतर दुकानदार सुटले आणि नातेवाईक सापडले. खात्याची आठवण म्हणून एक ताणकाटा तो कायम खिशात ठेवी, आणि जगातलं कोणतंही रहस्य शेवटी वजनात सापडतं, असं त्याचं मत होतं. त्याने दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली होती. त्याच्या बायकोने ती पाटी उलटी करून मागच्या बाजूला ‘शिकवणीच्या मुलांनी चपला बाहेर काढाव्यात’ असं लिहिलं होतं. तिच्याकडे निदान मुलं तरी येत होती.

“बोला,” साडू म्हणाला. “तुमच्या चेहऱ्यावर गुन्हा दिसतोय.”

मुद्रितशोधकाने घाईघाईने पत्र आणि कागद खणात सरकवले. साडूच्या हाती ते पडलं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या नात्यात वाचून दाखवलं जाईल, ही धास्ती. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून तो म्हणाला, “आमच्या ध्यानाच्या वर्गातलं नादपात्र चोरीला गेलं.”

बोलून गेला आणि जीभ चावली. पण साडूचे डोळे चमकले होते.

*

समाजकेंद्राच्या तळमजल्यावरच्या सभागृहात हा वर्ग भरे. एका भिंतीला घडी करून ठेवलेलं टेबलटेनिसचं टेबल, कोपऱ्यात एकात एक अडकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ‘वापर झाल्यावर पंखे बंद करावेत’ अशी पाटी. पलीकडच्या खोलीत त्याच वेळी नाचत व्यायाम करण्याचा वर्ग चाले. त्यामुळे इकडे ‘श्वास येतोय, श्वास जातोय’ चालू असताना तिकडून ‘अजून जोरात, अजून जोरात’ असं ऐकू येई आणि कुणाचा श्वास कुणाचं ऐकतोय ते कळत नसे.

वर्ग घेणाऱ्यांना सगळे सर म्हणत. सर पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. मग ते दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि तिथून मन शुद्ध करूनच आले. बुद्धाला जे गवसायला घरदार सोडून वर्षानुवर्षं वणवण करावी लागली, ते सरांना दहा दिवसांत, दोन वेळच्या जेवणासकट गवसलं होतं. ते आनापान शिकवत, म्हणजे श्वासाकडे नुसतं बघायला. शेवटी मेत्ता, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं. शिकवण सोन्यासारखी होती. पण सर ती यंत्र विकल्यासारखी सांगत, आणि ऐकणारे ती हप्त्यावर घेतल्यासारखी घेत.

वर्गाचा मानबिंदू म्हणजे नादपात्र. पिवळ्या धातूचं, जाड, खोलगट, वर रुंद आणि खाली निमुळतं. सर ते लाकडी स्टुलावर, मखमली गादीवर ठेवत आणि नाददंडाने त्यावर टोला देत. ‘हे एका डोंगरावरच्या मठात तीनशे वर्षं वाजत होतं,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मुद्रितशोधकाला ते पाहताक्षणी घरातल्या खलबत्त्यासारखं वाटलं होतं. अगदी हुबेहूब. पण वीस शिकलीसवरलेली माणसं हात जोडून बसलेली पाहून त्याला वाटलं, आपल्याला काय कळतंय. आपल्याला सगळीकडे चुकाच दिसतात, ही आपली जुनी खोड.

चोरी झाली ती ध्यान चालू असताना. त्या दिवशी सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “ज्याचे डोळे उघडे राहतात, त्याचं मन अजून बाजारात आहे.” मग सगळ्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने सरांनी मुठीतला नाददंड उचलला आणि टोला दिला. एरवी घुमणारा नाद व्हायचा, त्या दिवशी नुसतं ‘ठक्’ झालं. दंड स्टुलाच्या कडेवर आपटला होता. गादी रिकामी होती.

“म्हणजे वीस माणसांच्या देखत,” साडू म्हणाला.

“देखत नाही म्हणता यायचं. डोळे मिटलेले होते.”

“सगळ्यांचे?”

मुद्रितशोधकाने छताकडे पाहिलं. “वर्गाचा नियम आहे तसा.”

“वा,” साडू म्हणाला. “सजग राहायला शिकवणारा वर्ग, आणि समोरची वस्तू गेली तरी कुणाला पत्ता नाही. साडूभाऊ, या प्रकरणाला माझीच गरज होती.”

मुद्रितशोधक चहाच्या निमित्ताने उठला. कारण त्याने चोर पाहिला होता.

पहिल्या दिवसापासून त्याला डोळे मिटून बसता येत नसे. मिटले की समोर पलंगाची रिकामी बाजू यायची. म्हणून तो पापण्या अर्ध्यावर आणून बसायचा आणि वर्ग न्याहाळायचा. तर त्या दिवशी दार ढकलून एक म्हातारी बाई आत आली. पायांत कापडी चपला, खांद्याला पिशवी. ती सरळ सरांपुढे गेली, नादपात्र उचललं, पिशवीत घातलं, सरांकडे थोडा वेळ पाहिलं आणि आली तशी निघून गेली. इतकी निवांत, की आपल्यालाच भास झाला असं मुद्रितशोधकाने ठरवून टाकलं. आणि भास नसला तरी सांगायचं कसं? सांगितलं की डोळे उघडे होते हे कबूल करणं आलं. वर्गभर नाचक्की, आणि मेहुणीकडून ती बातमी फिरत फिरत मुलीच्या कानावर.

*

साडूने पुढच्याच वर्गाला तपास हाती घेतला. सरांना आधी ते रुचलं नाही, पण केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले होते की वस्तू सापडली नाही तर वर्ग बंद करू. मग सरांनाही वास्तव स्वीकारावं लागलं. स्वीकार कसा करावा हे ते स्वतःच शिकवत होते, पण तोंड कडू झालं होतं.

साडूने जमीन तपासली. गुडघ्यावर बसून, भिंग डोळ्याला लावून. भिंग कसलं, बायकोचा सुईत दोरा ओवायचा चष्मा होता.

“चोर अनवाणी होता,” तो म्हणाला.

“इथे सगळेच अनवाणी असतात,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या नेहमी पहिल्या रांगेत बसत आणि दुसऱ्यांच्या दातांकडे पाहून हळहळत.

“म्हणजे माझा तर्क बरोबर आहे. चोर इथलाच.”

मग त्याची नजर डॉक्टरीणबाईंवर स्थिरावली. दातांत धातू भरतात, नादपात्र धातूचं, तेव्हा ते वितळवून कुणाच्या तरी दाढेत गेलं असणार. त्याने सगळ्यांना तोंड उघडायला लावलं. वीस माणसं आ वासून बसली आणि पलीकडून ‘अजून मोठं, अजून मोठं’ असा आवाज आला. डॉक्टरीणबाईंना तेवढ्यात तीन नवे रुग्ण मिळाले, नादपात्र काही मिळालं नाही.

त्यानंतर साडूला नाचाच्या वर्गाचा संशय आला. तो तिकडे चौकशीला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मुद्रितशोधक बोलवायला गेला तेव्हा साडू शेवटच्या रांगेत हात वर करून कंबर हलवत होता. “वेषांतर,” तो धापा टाकत म्हणाला. “इथे काही नाही. पण पुढच्या गाण्यापर्यंत थांबू.”

मग वजनाची पाळी आली. साडूने केंद्रातला वजनकाटा ओढत आणला आणि सगळ्यांना त्यावर उभं केलं. वर्गात एक जोडपं होतं. नवऱ्याला बायकोने आणलं होतं, की त्याचा राग शांत व्हावा, आणि बायकोला नवऱ्याने आणलं होतं, त्याच कारणासाठी. नवऱ्याचं वजन त्याने सांगितलेल्या आकड्याहून चांगलंच जास्त निघालं.

“अंगावर काय लपवलंय?” साडूने विचारलं.

“माझा स्वयंपाक,” बायको म्हणाली.

“जास्तीचं वजन आहे हे.”

“मग कमी वाढते उद्यापासून.”

“झालं,” नवरा म्हणाला. “पात्र मठाचं गेलं आणि उपास मला.”

अशा रीतीने शांतीच्या वर्गातली शांती उडाली. माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे तिरप्या नजरेने पाहू लागली. शेवटच्या मेत्तेत ‘सर्वांचं भलं होवो’ म्हणायचं असे. त्यात कुणीतरी हळूच ‘एक सोडून’ असं घातलं आणि पुष्कळांनी तेच म्हटलं.

*

शेवटी साडूच्या ताणकाट्याला शिवणवाल्या बाईंची पिशवी लागली.

शिवणवाल्या बाईंचं केंद्रासमोरच्याच रस्त्यावर कपडे कमीजास्त करून देण्याचं छोटं दुकान होतं. उंची कमी करणं, चेन बसवणं, कंबर सैल करणं. अबोल बाई. वर्गात त्या मुद्रितशोधकाच्या शेजारी बसायच्या, आणि तो अर्ध्या पापण्यांतून सगळ्यात जास्त कुणाला पाहत असेल तर त्यांनाच. त्यात वावगं काही नव्हतं. बाई ओढणीखाली हात लपवून पूर्ण ध्यानभर शिवत असायच्या. कुणाची तरी पँट दुमडून तळाशी टाके घालायच्या, एकसारखे, बारीक, डोळे उघडे ठेवून. त्यांचा हात चालताना पाहिला की मुद्रितशोधकाच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. साऱ्या वर्गात श्वासाकडे कुणाचं लक्ष असेल तर ते या बाईंचं, असं त्याला वाटे, कारण टाका आणि श्वास बरोबर चालायचे.

“रिकाम्या पिशवीच्या मानाने फारच जड,” साडू ताणकाटा डोळ्यांसमोर धरून म्हणाला. “बाई, पिशवी उघडा.”

“नाही उघडणार,” बाई म्हणाल्या.

“का?”

“माझी पिशवी आहे.”

“ऐकलंत?” साडू सगळ्यांकडे वळला. “निरपराध माणूस पिशवी उघडतो. मी तीस वर्षं काटे तपासलेत. जो काटा झाकला जातो तोच खोटा असतो. सर, तुमची चोर ही बाई.”

बाईंचा चेहरा उतरला. पिशवीत कात्री होती, शिंप्याची लांब जड कात्री, आणि गिऱ्हाइकाची अर्धी झालेली पँट. उघडली तर ध्यानात बसून शिवणकाम केल्याचं उघड होणार. नाही उघडली तर चोर ठरणार, आणि समोरच्या दुकानात लोक विश्वासाने नवेकोरे कपडे टाकून जात होते. चोरीचा बोभाटा झालेल्या बाईकडे लग्नाचा कोट कोण देईल?

“मी यापुढे येणार नाही,” बाई उठत म्हणाल्या. “मला नको तुमची शांती.”

“थांबा, नाव लिहून घ्यायचंय,” साडू म्हणाला.

छापून आलेली चूक एकदा वाचकाच्या हाती गेली की दुरुस्त होत नाही, हे मुद्रितशोधकापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तो उभा राहिला. गुडघा कडाडला, तेवढ्यानेच सगळ्यांच्या माना वळल्या.

“बाईंनी घेतलं नाही,” तो म्हणाला.

“साडूभाऊ, तुम्ही खाली बसा. पुरावा लागतो त्याला.”

“मी पाहिलंय. एक म्हातारी बाई दारातून आली आणि घेऊन गेली.”

“पाहिलंय कसं? डोळे मिटलेले होते ना?”

पलीकडचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं.

“नव्हते,” मुद्रितशोधक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “माझे डोळे कधीच मिटलेले नसतात. मला मिटून बसताच येत नाही. पहिल्या दिवसापासून.”

सरांनी खेदाने मान हलवली. “काका, मग इतके दिवस तुम्ही इथे करत काय होता?”

उत्तर दुसरीकडूनच आलं.

“निळं पातळ होतं तिचं,” दातांच्या डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“राखाडी,” नवरा म्हणाला.

“निळंच,” त्याची बायको म्हणाली. “तुम्हाला रंग कधी कळलेत? आणि तुम्ही कशाला बघत होता?”

“तू कशाला बघत होतीस?”

“मी तुम्ही झोपलात का ते बघत होते.”

मग बांध फुटला. मागच्या रांगेतल्या दाढीवाल्या गृहस्थांना कापडी चपला आठवल्या. कुणाला पिशवीवरचं फूल आठवलं. वर्गातल्या एकूण एक माणसाने ती बाई आत येताना, पात्र उचलताना आणि बाहेर जाताना पाहिली होती. एकूण एक माणूस आपण एकटेच उघड्या डोळ्यांचे या समजुतीने तोंड मिटून बसला होता. शिवणवाल्या बाईंनी पिशवीतून पँट काढून मांडीवर ठेवली आणि उरलेले टाके घालायला घेतले.

“पण मी कसं पाहिलं नाही?” सर म्हणाले. “मी तर समोरच होतो.”

दोघातिघांनी तोंडाला रुमाल लावले. तेवढ्यात दार उघडलं.

निळं पातळ, कापडी चपला, पिशवीवर फूल. म्हातारी दारातच उभी राहिली आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाली, “आज जागे आहात वाटतं सगळे.”

“आत्या?” सर म्हणाले.

“अरे, बत्ता दे माझा. त्या दिवशी खल नेला, बत्ता तुझ्या मुठीत होता. ओढला असता तर जागा झाला असतास. इतका गाढ घोरत होतास, म्हटलं राहू दे, दमलाय पोरगा.”

सरांच्या हातातला नाददंड हळूहळू खाली आला.

“माझ्या माळ्यावरून न विचारता नेलास ते नेलास,” आत्या म्हणाल्या, “पण मला गोळ्या गिळता येत नाहीत, माहीत आहे ना तुला? कुटून पाण्यात घ्यावी लागते एकेक. इतके दिवस लाटण्याने कुटतेय.”

“पण तुम्ही चोरून का नेलात?” साडूने खडसावलं. त्याला कुणाला तरी खडसावणं भाग होतं.

“चोरून?” आत्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “भरल्या सभेतून नेला. हे सगळे टुकूटुकू बघत होते माझ्याकडे. त्या दाढीवाल्यांनी तर नमस्कारही केला.”

दाढीवाले गृहस्थ जमिनीकडे पाहू लागले. “मला वाटलं, मठातून कुणी आलंय,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला. “खरं सांगायचं तर मला पहिल्या दिवशीच तो खल वाटला होता.”

“मलाही.”

“आमच्याकडे आहे तसलाच. याहून मोठा.”

आत्या बत्ता घेऊन गेल्या. जाताना त्यांनी पंखे कुणी बंद करणार आहे का, असं विचारलं. सरांनी मखमली गादी स्टुलाखाली सरकवली. मग त्यांनी टाळी वाजवून ध्यान सुरू झाल्याचं सांगितलं, आणि पहिल्यांदाच डोळ्यांबद्दल काही बोलले नाहीत.

*

“मी म्हणालोच होतो ना,” घरी परतताना साडू म्हणाला, “चोर अनवाणी होता.”

“तिच्या पायात चपला होत्या.”

“कापडी. कायद्याने त्या पायातच धरतात.” साडूने ताणकाटा खिशात टाकला. “आणि साक्षीदाराला बोलतं कुणी केलं? त्या बाईवर खोटा आळ घेतला नसता तर तुम्ही तोंड उघडलं असतं का? ही माझी पद्धत आहे. पूर्ण सत्याचं वजन करायचं तर दुसऱ्या पारड्यात थोडं असत्य टाकावं लागतं.”

घरी येऊन मुद्रितशोधकाने खण उघडला, ‘चि.’ लिहिलेला कागद पुढे घेतला आणि न थांबता लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीने चुका शोधल्या. दोन सापडल्या, त्या तशाच ठेवल्या.

‘तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. डोळे मिटून बसता येत नाही. दिवाही अजून चालूच असतो. पण मला न्यायला येऊ नकोस. इथे आमच्या वर्गात कुणालाच डोळे मिटता येत नाहीत, सगळे किलकिल्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत बसतात, आणि आता ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे मला बरं वाटतं. शेजारी एक बाई शिवत बसतात. तुझ्या आईसारखाच बारीक टाका आहे त्यांचा. पुढच्या वेळी आलीस तर तुझा कोट आण, बाही कमी करून देतील. — बाबा’

पाकीट चिकटवून तो चपला घालून खाली उतरला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्याने पाकीट टाकलं, झाकण दोनदा हलवून ते आत पडलं की नाही ते पाहिलं, आणि मग तिथेच, भर रस्त्यात, क्षणभर डोळे मिटून उभा राहिला.

मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. त्याने डोळे उघडले आणि घरी निघाला.